चहाच्या सुट्टीतली पाळी

सायकल हवेत उडाली की मी डोळे मिटते. म्हणून मला दादाचं फ्लॅटलँड आवडायचं. सपाट जमिनीवर, एका चाकावर गिरक्या. रुआबांधा वस्तीतल्या बीएमएक्स सायकल-कसरतींच्या स्पर्धेत उड्यावाली पोरं त्याला म्हणाली, "इसमें डर कहाँ है, भाई? सर्कस है ये." आयोजकांनी त्याची पाळी चहाच्या सुट्टीत लावली. त्यानं एकदाही पाय टेकवला नाही, पण लोक समोशाकडे तोंड करून उभे.

"कोणी पाहिलं का?" त्यानं विचारलं.

"मी पाहिलं ना, दादा."

"तू तं डोळे मिटतेस."

"तुह्या वेळी नाही मिटत. मले भेवच नाही वाटत."

तो थोडा हसला. "ते पोरं बी तेच म्हणून राहिले."

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या सायकलला कॅरिअर बसवून घेतलं. आता तिच्यावरून बाबांचा डबा जातो.