बूट माझ्या पिशवीत होते

नाव : सौ. विनोदिनी उपेंद्र हेरेकर. वय : ५४ वर्षे. धंदा : माध्यमिक शाळेत गणिताची शिक्षिका. राहणार : शहापूर, बेळगाव.

आज रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कणकुंबी भागातील पोलीस चौकीत स्वतः हजर राहून सांगते की, मला कन्नड येते, पण हे सांगणे मला मराठीतच जमेल. तसेच लिहून घ्यावे.

माझे पती उपेंद्र, वय ५९, दुपारपासून बेपत्ता आहेत. त्यांना बारा वर्षे मधुमेह आहे. गेल्या वर्षी पायाच्या अंगठ्याची जखम भरायला चार महिने लागले. डॉक्टरांनी घरातसुद्धा अनवाणी चालायला मनाई केली आहे.

आम्ही सात जण सकाळी साडेसातला डोंगराच्या पायथ्यापासून निघालो. आमच्या शेजारचे आशुतोष, बँकेत नोकरीला, दर महिन्याला अशी सहल काढतात. वाट दाखवायला गावातले नागोजी होते. वाट उभ्या चढाची, दगडमुरमाची, पाय घसरणारी आहे. सावली नाही.

सव्वाअकराला आम्ही वाटेतल्या दगडी चौथऱ्यापाशी पोहोचलो. तिथून वर देवीच्या देवळापर्यंत वीस मिनिटे अनवाणी जायचे अशी रीत आहे. सगळ्यांनी पायातले काढले. मी पतींना जाऊ नका म्हणाले. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, आज रविवार आहे. शाळा बंद ठेवा." सगळे हसले. गुडघे दुखतात असे सांगून मी खालीच थांबले. गुडघे दुखत नव्हते. मला राग आला होता, आणि मला राग आला की लवकर जात नाही, हे माझ्या वर्गातली मुलेही सांगतील.

पाऊण तास मी एकटी बसले. मग त्यांचे बूट पिशवीत घातले आणि खाली शंभर पावलांवर एका खडकाआड जाऊन बसले. तेवढे अंतर त्यांनी पाय पोळत यावे, मला हाका माराव्यात, मग बूट द्यावेत, एवढेच मनात होते. पाण्याची बाटली आणि गोळ्याही त्याच पिशवीत होत्या. त्यांचे सगळे माझ्याच पिशवीत असते.

हाक आली नाही. पाऊण वाजता बाकीचे उतरून आले, तेव्हा मी चौथऱ्यापाशी परत गेले. ते म्हणाले, उपेंद्रकाका आमच्या आधीच निघाले.

नागोजींनी मला विचारले, "बाई, सायबांचं पायताण कुठं हाय?"

मी म्हणाले, घालून गेले असतील.

"मग दगडाच्या वाटंनंच उतरल्यात. पायात काय नसलं की मानूस गवताची वाट धरतंय. ती वाट गावात येत न्हाय, रानात जाती. तिकडं गवे हाईत."

हे ऐकूनही मी बोलले नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला लाज वाटली. खालीच कुठेतरी सापडतील, घरी जाऊन काय ते बोलू, असे मी स्वतःला समजावले.

दोन तास सगळ्यांनी दगडाची वाट धुंडाळली. मीही त्यांच्याबरोबर हाका मारत होते. पिशवी माझ्या खांद्यावर होती. पतींचा मोबाइल लागत नाही.

मला फार भीती वाटते आहे. साडेसहाला अंधार पडेल. सकाळच्या पोह्यांनंतर त्यांच्या पोटात काही नाही. माणसे गवताच्या वाटेने आत्ताच पाठवावीत, जबाब पुरा व्हायची वाट पाहू नये.

बुटांचे हे मी पहिल्यांदा इथेच सांगितले. आशुतोष दाराशी उभे होते, ते खाली बघत राहिले. नागोजी चौघांना घेऊन लगेच निघाले. निघताना त्यांनी माझ्यापुढे हात केला आणि म्हणाले, "बूट द्या की. सापडल्यावर लागतील."

मी दिले. आत मोजे गुंडाळून ठेवलेले आहेत.

लिहिलेले हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवले. त्यात "बूट चुकून पिशवीत घातले" असे होते. त्यातला "चुकून" मी खोडायला लावला. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे. खाली माझी सही आहे, आणि खोडलेल्या जागीही आहे.