टॅनर्स कोर्टमधला पांढरा उंबरा

नाही नाही, तो रुमाल काढा नाकावरचा, इन्स्पेक्टरसाहेब — मागल्या खेपेला लागला होता का रुमाल? नव्हता ना? मग बसा. त्या खुर्चीवर नको, तिथून संडास दिसत नाही — इकडे, खिडकीशी. हं. दाराखालून काय येतंय ते दिसलं? आमच्या कोर्टात, म्हणजे या चौकाभोवतीच्या सगळ्या घरांत मिळून, हा एकच संडास. अख्ख्या जगाला कापड पुरवतं म्हणे आपलं मँचेस्टर — आणि आम्ही मेलं आमच्याच घाणीतून पाय उचलत चालतोय. शी!

त्या खेपेला तुम्ही येणार ही बातमी आली तो सोमवार, धुण्याचा दिवस, सगळ्या बाया कोपरापर्यंत साबणात. घरमालकाचा कारकून बोळाच्या तोंडाशीच उभा — आत यायला त्याला किळस — तिथूनच ओरडला, बुधवारी आरोग्य खात्याचा साहेब येतोय! आता काय करायला हवं होतं? काही नाही. गप बसायचं, बघू द्यायचं साहेबाला. पण ती समोरची ऑग्डेनबाई, जीभ म्हणजे नुसती कातर — मला म्हणते, "काय हेस्केथबाई, तुमचा उंबरा तेवढा पांढराफेक, आणि बाकी कोर्ट बघून साहेबानं आम्हाला डुकरं म्हणायचं होय?" झोंबलं मला. रोज पांढऱ्या दगडानं घासते मी उंबरा, अख्ख्या गल्लीत तसा नाही — विचारा कुणालाही. मग काय, बाह्या सारून सगळ्या लागलो. घाण बादल्यांनी उपसून कालव्यात ओतली, भिंतींना चुना फासला. चुन्याचं भांडं माझ्या लेकीनं, टॅबीनं धरलं होतं, हौसेनं. संडासात लॅव्हेंडरची जुडी टांगली — कुणी म्हणून काय विचारता, टांगली कुणीतरी. माझ्याच कुंडीतली होती.

आणि तुम्ही आलात, टोपी काढलीत, म्हणालात, "नीटनेटक्या बाया आहेत हो!" आम्ही लाजलोसुद्धा. गटाराचं नाव नाही, मोरीचं नाव नाही — गेलात. आठवड्यात पुन्हा तुंबलं. तुंबणारच, खाली वाट नको का जायला? ते झिरपतं कुठं? पाण्याच्या नळापाशी. मग टॅबीला — नाही, ते नका लिहू. ऑग्डेनबाईनंच तिला शेवटचं न्हाऊ घातलं. मी हात नाही लावला. माझ्या हातांचा चुन्याचा वास जात नव्हता.

हळू बोला, पडद्यामागे धाकटा निजलाय. नेड. कालपासून सारखं पाणी मागतोय — हो, त्याच नळाचं, दुसरं आणू कुठून?

आज सकाळी ऑग्डेनबाई बादली घेऊन हजर — "चला हो, साहेब यायचेत." म्हटलं, ठेवा ती खाली. एक थेंब उपसलात तर त्याच बादलीत बुडवीन तुम्हाला.

उठा आता. संडासाचं दार स्वतः उघडून बघा. बूट भरतील? भरू देत. आणि तसेच या परत आत, माझ्या उंबऱ्यावर पाय देऊन — संकोच करू नका. आज मी तो घासलेला नाही.