विकरावरचा काना

माझा जन्म चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यातल्या धानाच्या गावचा, शिक्षण नववीपर्यंत, पण काय सांगू तुम्हाला, तहसीलसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायला बसलो त्याला पंचवीस वर्षं झाली आणि माझ्या अर्जावर शुद्धलेखनाचा शेरा कधी पडला नाही. साहेब लोक माझं अक्षर ओळखतात. हे मोठेपणासाठी सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतो.

आमच्याकडे राइस मिलचा कोंडा गुरांपुढे जातो. वनिताबाईंच्या बचत गटाने तो माणसांच्या पोटी घालायचं ठरवलं. धानाला मोड आणायचे, वाळवून दळायचे, ते पीठ कोमट पाण्यात ताज्या कोंड्याला लावून ठेवायचं, मग मोडातलं काहीतरी कोंड्याला आतून फोडतं, गोडवा सुटतो, अडकलेलं पोषण मोकळं होतं, ते आटवून भुकटी करायची. मी चाखली आहे, चांगली लागते. खाद्य परवान्याचा अर्ज अर्थातच माझ्याकडे आला. बाईंनी प्रशिक्षणातला कागद दिला, त्यात त्या मोडातल्या वस्तूचं नाव होतं, विकर. विकर म्हणजे एन्झाइम, हे आता कळलं. तेव्हा म्हटलं, बाई, काना सुटला. त्या म्हणाल्या, नाई भाऊ, म्याडमनं असंच सांगतलं. मी म्हटलं, लिहिणारा मी आहे. आणि काना दिला, सात ठिकाणी दिला.

परवा चंद्रपूरच्या परवाना कार्यालयातून गटाला पत्र आलं, अन्नात कोणता विकार मिसळता याचा खुलासा घेऊन हजर व्हा, तोवर काम बंद. गावात एवढंच पसरलं, की गटवाल्या बाया खाण्यात रोग घालतात. आता लोक वनिताबाईंच्या दारावरून जाताना लेकरांना जवळ ओढतात. त्या माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या, नकलेवरच्या एकेका कान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, भाऊ, काना तुमी देल्ला, कान आमचे पकडले. तेव्हापासून साध्या रहिवासी दाखल्याच्या अर्जावर पेन टेकवला तरी पुन्हा उचलून घेतो, पंचवीस वर्षांत कोणाकोणाच्या कागदात मी काय घालून ठेवलं असेल.

उद्या सकाळच्या बसने आम्ही दोघं चंद्रपूरला जातो. मी कबुलीचा अर्ज लिहिला आहे, सातही काने माझे आहेत. बाईंनी तो वाचायला मागितला. माझा अर्ज आजवर कोणी तपासला नव्हता. बोट फिरवत त्यांनी सावकाश वाचला, म्हणाल्या, बराबर आहे, भाऊ, आता याले हात नोका लावू.

साहेब मानतील की नाही, ठाऊक नाही. त्या बायांचं काम पुन्हा सुरू होवो, एवढंच मागणं आहे. अर्ज पिशवीत ठेवला आहे. पेन मात्र मी घरीच ठेवून जाणार.