मोजलेला हात

आबा : ठमे, पडद्यावरचा तो हात माझा आहे ना?

नात : कुठल्या पडद्यावरचा, आबा?

आबा : तुमच्या स्टॉलवर टीव्ही लावलाय, त्याच्यावरचा. चमचा वाटीत घालतो, वर आणतो, सांडतो. परत वाटीत घालतो. सकाळपासून हेच दळण चाललंय. बाहीचं बटण अर्धं तुटलंय, त्यावरून ओळखलं मी. माझंच बटण आहे ते.

नात : चेहरा दिसत नाही त्यात. मुद्दाम कापलाय आम्ही. फक्त मनगट आणि...

आबा : मुंडकं कापलं म्हणून हात परका होत नाही.

नात : पण तुम्ही स्टॉलवर आलात कधी? मी तर तुम्हाला हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसवून आले होते.

आबा : बसून बसून कंबर धरली. म्हटलं, जरा नातीचं कौतुक बघून यावं. ही गर्दी! मी आपला मागे उभा. शेजारी एक बाई होत्या, पोरगा इथंच शिकत असणार त्यांचा. मला म्हणतात, "अरेरे, कोण असतील हो बिचारे!"

नात : मग?

आबा : मग काय. मीही म्हटलं, "हो ना. बिचारे." हात खिशात घातले आणि मागच्या मागे सटकलो.

नात : आबा, मी आत्ताच्या आत्ता बंद करते ते.

आबा : थांब. आधी सांग, काढलास कधी?

नात : मागच्या वर्षी सुट्टीत घरी आले होते ना, तेव्हा.

आबा : कुठून?

नात : स्वयंपाकघराच्या दारातून. दार अर्धं लोटलेलं होतं. मोबाइल फटीला लावला.

आबा : सगळ्यांची जेवणं झाल्यावर.

नात : हो.

आबा : म्हणजे मी त्या वेळी एकटा का जेवतो, हे तुला ठाऊक होतं.

नात : आधी नव्हतं. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, तुम्हाला बातम्या बघायच्या असतात म्हणून तुम्ही मागून जेवता. त्या दिवशी पाणी प्यायला आले आणि दिसलं.

बॅटरी : सापडलात एकदाचे! अगं, जिन्याखाली काय लपाछपी चाललीय तुमची? अख्खं कॉलेज पालथं घातलं मी. नमस्कार आजोबा. रोबोटवाले आत गेलेत, ते आटपले की आपणच. आणि तुला कळलं का, सिव्हिलवाल्यांचा कागदी पूल पडला! सगळ्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे सर बिचारे कपाळाला हात लावून...

नात : बॅटरी, व्हिडिओ बंद कर.

बॅटरी : का? तोच तर चालतोय. ड्रोनवाल्यांची गर्दी आपण खेचलीय.

नात : बंद कर म्हणते ना.

बॅटरी : आजोबा, तुम्हीच सांगा हिला. सकाळपासून हिचं हे असं चाललंय. ही पिनवाली वायर जोडली की ती काढ, बोर्ड इकडे लावला की तिकडे लाव.

आबा : बॅटरी म्हणजे तूच होय! चष्म्यावरून पडलं वाटतं नाव.

बॅटरी : चष्मा आहेच. शिवाय मी बोलायला लागलो की थांबत नाही, असं सगळे म्हणतात.

आबा : मग जरा थांबून एक सांग. तो व्हिडिओ मला न विचारता काढलाय, हे तुला माहीत होतं?

बॅटरी : न विचारता? नाही हो! ही म्हणाली, आबांना सगळं सांगितलंय, आबा एकदम खूश आहेत.

आबा : असं म्हणाली.

बॅटरी : म्हणालीस ना तू?

नात : म्हणाले.

बॅटरी : अगं, मी तो मोठ्या पडद्यावर लावला! मला वाटलं आजोबांना मजा वाटेल. आजोबा, आईशप्पथ सांगतो, मला कल्पना असती तर...

आबा : तुझं काही नाही रे त्यात. ठमे, एवढंच कळत नाही मला. विचारायला काय झालं होतं?

नात : तुम्ही नाही म्हणाला असतात.

आबा : म्हणून विचारलं नाहीस.

नात : हात किती हलतो, किती वेगानं हलतो, ते मोजल्याशिवाय मोटर कशी बसवणार, आबा? आणि समोर बसून मोजलं असतं, तर तुम्ही हात दाबून धरला असता. ते खरं मोजमाप झालं नसतं. म्हणून म्हटलं, तुम्हाला कळायला नको.

आबा : अगदी डॉक्टरसारखं बोलतेस.

नात : तसं नाही हो! मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं. तुम्ही वाटीवर वाकून, मान खाली घालून, शर्टाला डाग पडू नये म्हणून रुमाल खोचून... मी वर जाऊन रडले, आबा. खरंच रडले. आणि त्याच दिवशी ठरवलं की न सांडणारा चमचा बनवायचा.

आबा : रडलीस?

नात : हो.

आबा : मग येऊन शेजारी बसायचं होतंस की.

बॅटरी : मी... मी जरा बघून येतो रोबोटवाल्यांचं काय चाललंय.

आबा : बस रे. पळतोस कुठे? तुझाही चमचा आहे ना तो?

नात : मला सुचलंच नाही ते. शेजारी बसायचं. मी आधी मोबाइलच काढला.

आबा : हं.

नात : चुकलं माझं. पण आबा, चमचा तर चांगला झालाय ना? तुम्हीच म्हणालात! खोलीत घेऊन गेलात, बाहेर येऊन म्हणालात, "फक्कड आहे."

आबा : फक्कडच होता. थेंब सांडला नाही. खोलीत मी एकटाच होतो आणि दार लावलेलं होतं.

नात : मग आज स्टेजवर येऊन चार घास खायचे फक्त. व्हिडिओ नाही लावणार. आधीचं काही दाखवणार नाही. नुसता चमचा.

आबा : येणारच होतो गं. तू एवढ्या हौसेनं सांगितलंस, नाही म्हणवेना. म्हटलं, चमचा आहे हातात, घाबरायचं काय. पण मघाशी त्या गर्दीत, सटकण्याआधी कडेनं पुढे सरकलो आणि टेबलावरचा चमचा उचलून बघितला.

नात : मग?

आबा : माशासारख्या उड्या मारायला लागला तो हातात. गुरगुरला पण. मी गपचूप ठेवून दिला.

बॅटरी : तो तुमच्यामुळे होय! मला वाटलं सेल उतरला. मी दोन वेळा सेल बदलला हो त्याचा.

नात : असं कसं होईल? दहा-दहा वेळा तपासलाय आम्ही. तुमच्या हाताच्या मापानंच बसवलाय.

आबा : कुठल्या हाताच्या?

नात : म्हणजे?

आबा : तू मोजलास तो माझा एकट्याचा हात आहे, ठमे. कोणी बघत नसलं की तो बराच शहाण्यासारखा वागतो. चार माणसं समोर बसली, कोणी नुसतं बघितलं हाताकडे, की मग बघ त्याचा नाच. म्हणून तर मी मागून जेवतो.

बॅटरी : एक मिनिट. म्हणजे लोकांसमोर जास्त हलतो? किती जास्त, दुप्पट?

आबा : मी काय फूटपट्टी लावलीय?

बॅटरी : नाही, पण मोटरला एवढंच सांगितलंय की अमुक इतकं हललं की तितकं सावर. त्याच्या बाहेर गेलं की ती टोकाला आपटते. म्हणून गुरगुरली. अगं, आपण एकट्या माणसाचा चमचा बनवलाय!

आबा : आणि एकट्याला तो लागतो कशाला? एकटा असताना सांडलं, तर पुसून टाकतो मी. बघतंय कोण?

नात : बॅटरी, हे आपल्या लक्षात कसं नाही आलं?

बॅटरी : वर्षभर खपलो आपण, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की हे आजोबा जेवतात कुणाबरोबर.

आबा : तुम्हाला कळणार कसं? मी कळू दिलं तर ना! सलून बंद केलं तेव्हा घरी काय सांगितलं होतं मी, आठवतं?

नात : गुडघे दुखतात, उभं राहवत नाही म्हणून.

आबा : गुडघे ठणठणीत आहेत माझे. माणसं यायची, खुर्चीत मान मागे टाकायची आणि डोळे मिटायची. गळ्यावरून वस्तरा फिरतोय आणि हे निवांत. काही तर घोरायचे. मला त्याचं फार अप्रूप होतं. मग एक दिवस रोजचंच गिऱ्हाईक, जुना दोस्त माझा, त्यानं डोळे मिटले नाहीत. दाढी होईपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिला. त्यानंतर मी शटर वर केलं नाही.

नात : तुम्ही हे कुणालाच सांगितलं नाहीत?

आबा : हात लपवता येतो, तोवर माणूस लपवतो. खिसे कशाला असतात?

बॅटरी : आजोबा, आत आमचं नाव पुकारतायत.

नात : ऐकू आलं. आबा, तुम्ही वर येऊ नका. मी सांगते त्यांना.

बॅटरी : काय सांगणार? चमचा घरी विसरला म्हणून?

नात : खरं ते सांगणार. चमचा अर्धाच झालाय. ज्याच्यासाठी बनवला त्याला न विचारता बनवला, म्हणून माप चुकलं.

बॅटरी : मार्क कापतील गं. सगळ्या सरांसमोर!

नात : कापू देत.

बॅटरी : बरं. मग मीही येतो. पडद्यावर मीच लावलाय तो. आधी वायर उपटून येतो त्याची.

नात : आणि मोबाइलमधलाही पुसून टाक. माझ्या आणि तुझ्याही.

बॅटरी : मग नवीन माप कुठून आणायचं?

नात : ते मला माहीत नाही. आबा, एक विचारू? या वेळी आधी विचारतेय.

आबा : विचार.

नात : तुम्ही आमच्याबरोबर जेवाल?

आबा : मोजायला?

नात : नाही. मोबाइल नाही, चमचा नाही, काही नाही. मोजायचं असेल तर नंतर कधीतरी, तुम्ही म्हणाल तेव्हा. नाही म्हणालात तर नाही. आत्ता नुसतं जेवायला.

आबा : तुझा बाप बघत बसेल माझ्याकडे. त्याला लहानपणापासून टकमक बघायची खोड आहे.

नात : मी पायावर पाय देईन त्यांच्या.

बॅटरी : दुसऱ्यांदा पुकारलं! चल!

आबा : जा, जा. पळा. आणि ठमे, तुझा फोन देऊन जा. घरचा नंबर लावून दे, माझ्या बोटांना ती बटणं सापडत नाहीत. जे काय सांगायचं ते स्टेजवर मान वर करून सांग. मी आलोच मागून, पहिल्या रांगेत.

नात : हा घ्या. रिंग जातेय.

(नात आणि बॅटरी धावत जातात. आबा जिन्याच्या पायरीवर बसतात. दोन्ही हातांनी फोन कानाशी धरलेला.)

आबा : हॅलो, सूनबाई? मी बोलतोय... हो हो, अजून इथंच. नाही, बक्षिसाचं काही खरं दिसत नाही. पण पोरगी धीट आहे हो तुझी... ते घरी आल्यावर सांगतो. ऐक ना, आज माझं ताट तुमच्याबरोबरच घे... नाही गं, तब्येत बरी आहे... बातम्यांचं काय, त्या रोजच असतात... हो, सगळ्यांबरोबर. आणि हे बघ, थोडं सांडेल माझ्याकडून. तुम्ही आपापल्या ताटात बघून जेवा, म्हणजे झालं.