कुमुदच्या लग्नाची कॅसेट

आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, असं म्हणतात बुवा, मी काही पाहिलेलं नाही. पाच पिढ्या झाल्या आम्हाला काशीत. माझा जन्म दूधविनायकच्या गलीतला, शाळा जवळचीच, आणि मरायलाही कुठे लांब जायचं नाही, मणिकर्णिकेचं स्मशान पायी दहा मिनिटं. घराणं भिक्षुकीचं. देशावरून यजमान यायचे, बाबा त्यांचं श्राद्ध, पिंडदान सगळं करवायचे, आणि माझ्याकडून काय, तर संध्यासुद्धा धड पाठ झाली नाही. मग मी व्हिडिओचा कॅमेरा धरला. काय सांगू तुम्हाला, बाबा दोन वर्षं माझ्याशी सरळ बोलत नव्हते, म्हणायचे भिक्षुकाचा मुलगा आणि लोकांच्या बारातीत लाइटच्या मागे पळतोय. आई तेवढी म्हणायची, पळू दे, लोकांचं चांगलंच तर उतरवून ठेवतो ना.

तर मी पुष्कळांचं उतरवून ठेवलं, मुंजी, लग्नं, बारशी, एकाच्या तर म्हशीचीही शूटिंग केली आहे, खोटं नाही सांगत. आपल्या घरचं म्हणून एकच, धाकट्या बहिणीचं, कुमुदचं लग्न. बालाजी घाटाजवळच्या धर्मशाळेत झालं, आठ वर्षं झाली. आईने त्या लग्नासाठी मंगलाष्टक स्वतः रचलं होतं. चार कडवी. महिनाभर पोळ्या लाटता लाटता गुणगुणायची, आणि आम्ही हसायचो, मीही हसायचो. गळा तिचा गोड होता, पण आमच्या घरात ऐकायला वेळ कोणाला होता?

लग्नात ती उभी राहिली, तीन कडवी म्हटली, आणि बाबा मधेच म्हणाले, अगं आवर, मुहूर्त टळतोय. स्वतः भिक्षुक ना, गुरुजींपेक्षा यांचंच लक्ष घड्याळावर. आईने कागद घडी करून मुठीत धरला. चौथं कडवं राहिलं ते राहिलंच. मुहूर्ताला अजून चार मिनिटं होती, हे बाबांना मागून कळलं. मी कॅमेऱ्यातून बघत होतो, मला त्या वेळी फक्त एवढंच वाटलं की चला, तेवढी फीत वाचली. तो कागद पुढे कुठे गेला पता नाही.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तापाचं निमित्त झालं, सात दिवसांत सगळं आटपलं. आणि त्यानंतर बाबांची नजर जायला लागली. डॉक्टर म्हणाले काला मोतिया, म्हणजे आपला काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही. गेल्या वर्षीच्या होळीपर्यंत सगळा अंधार. तेव्हापासून त्यांनी एक धोशा लावला. अरे, ती कुमुदच्या लग्नाची कॅसेट आहे ना, त्यात तुझी आई म्हणते आहे ना, ती मला एकदा ऐकव. मला काही बघायचं नाही, ऐकव फक्त. जो माणूस जन्मभर तिला आवर म्हणाला, तो असं म्हणायला लागला. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

पण कॅसेट लावायची कशी? आमच्या गलीत ऊन उतरत नाही, भिंती बारा महिने ओल्या. कपाट उघडलं तर सगळ्या फितींवर पांढरी बुरशी. व्हीसीआरमध्ये अशी फीत घातली की एकदा फिरते, दुसऱ्यांदा फिरेल याचा भरवसा नाही. त्याच सुमारास मी कंप्युटर घेतला होता, जुन्या कॅसेटची सीडी करून देण्यासाठी, बनारसमध्ये तेव्हा दोन-तीनच जण ते करायचे. कॅसेट तीन तासांची तर तीन तास बसायचं, ती चालते तसतशी आत भरते. बाबांना म्हटलं, थांबा, आईची सीडी करतो, मग रोज ऐका. त्या दिवसापासून ते दिवस मोजायला लागले.

आता माझी जोडणी ऐका, कारण सगळं त्यातच आहे. माझ्या व्हीसीआरचं आवाजाचं भोक बिघडलेलं होतं, म्हणून आवाजाची तार मी टीव्हीच्या मागून काढून कंप्युटरात दिली होती. जुगाड. त्यात एक गोम होती, टीव्हीचा आवाज कमी केला की आत भरणारा आवाजही कमी. मला ठाऊक होतं हो, मीच तर जोडलं होतं. लोकांची कामं करताना दिवसभर शहनाई डोकं खायची, तरी मी बटणाला हात लावला नाही कधी.

श्रावणातली दुपार होती. फीत रुईच्या बोळ्याने पुसून पुसून साफ केली, लावली. मांडव आला, बँड आला, पडोसी आले, सगळ्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आणि मग आई उभी राहिली. हिरवी नऊवारी, हातात कागद. तिने तोंड उघडलं, पहिली ओळ म्हटली की नाही तोच मी उठलो आणि टीव्हीचा आवाज पार शून्यावर नेला. ऐकवेचना मला, तारेचं भानच राहिलं नाही. दार ओढून घाटावर जाऊन बसलो. परत आलो तोवर फीत संपली होती, शेवटाला येऊन अडकून चुरगळली होती. सीडी केली, लावून बघितली, पण कुठवर, मांडव, बँड, पडोसी इथवर. पुढे बघायची छाती झाली नाही. म्हटलं आता बाबांसोबतच ऐकू, कुमुद भाऊबीजेला येईल तेव्हा सगळे मिळून.

आणि कॅसेटचं काय केलं? काशीत जुनी तसबीर, फाटकी पोथी, देवांची कॅलेंडरं कचऱ्यात टाकत नाहीत, गंगेत सोडतात. कॅसेटमध्ये तर देवही असतात आणि गेलेली माणसंही. मी गिऱ्हाइकांनाही तेच सांगायचो, सीडी झाली, आता गंगार्पण करा. पितृपक्षात आईच्या तिथीला पिंड झाले, मी बाबांना विचारलं, ते म्हणाले, गेलेल्या माणसाला घरात दोन-दोन ठिकाणी अडकवून ठेवू नये, सोड. त्यांनीच मंत्र म्हटला, मी तीळ आणि पाणी सोडलं आणि कॅसेट सोडली. थोडी तरंगली, मग बुडाली.

भाऊबीजेला कुमुद आली. बाबा सकाळपासून धूतवस्त्र नेसून बसलेले. सीडी लावली, मांडव, बँड, लोकांची गडबड, बाबा हसायला लागले, हा अमक्याचा आवाज, हा तमक्याचा. आणि आई उभी राहिली, अर्धी ओळ ऐकू आली, आणि आवाज विरत विरत गेला. ओठ हलतायत आणि काही नाही. कुमुद म्हणाली, दादा, आवाज वाढव. मी कुठला वाढवू? बाबा म्हणाले, बिजली गेली का रे? मी हो म्हटलं. म्हणजे बघा, ज्याला दिसत नाही त्याच्याशी मी खोटं बोललो. कुमुद स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि माझ्याशी बोलली नाही, तशीच दुसऱ्या दिवशी इंदूरला सासरी गेली.

पुढे पंधरा-वीस दिवस बाबा विचारत राहिले, मशीन दुरुस्त झालं का? शेवटी मी पायाशी बसून सगळं सांगितलं, बटण, घाट, सगळं. वाटलं चिडतील, चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, दिसते का पण ती? म्हटलं, दिसते. म्हणाले, मग लाव, आणि काय दिसतं ते सांग.

मग मी सांगत गेलो. हिरवी नऊवारी आहे. कागद उघडला. नाकातली नथ सारखी करते आहे. आता म्हणायला लागली. बाबा म्हणाले, आता तू बोलू नकोस. आणि मान खाली घालून, कान पुढे करून बसले, आणि मी पहिल्यांदा आईला नीट बघितलं, इतकी वर्षं फक्त फोकस बघितला होता. पुढे तिने कागद घडी करून मुठीत धरला. बाबांनी विचारलं, झालं? म्हटलं, झालं. चौथं कडवं राहिलं ना रे? मी टीव्हीकडे बघितलं. म्हटलं, नाही बाबा, चारही म्हटली तिने.

त्यांना काय माहीत नव्हतं? त्यांनीच तर थांबवलं होतं. पण म्हणाले, बरं झालं, आणि हात जोडले.

आता हे आमचं दर द्वादशीला चालतं, आईची तिथी ती. मी लावतो, ते ऐकतात, आणि शेवटी तेच विचारतात, मी तेच सांगतो. कुमुदला पत्र टाकलंय, उत्तर नाही अजून, येईल तेव्हा येईल. तुम्ही इतकं लिहून घेताय, घ्या, देव तुमचं भलं करो. घरी कॅसेट असतील तर सीडी जरूर करा, पण आधी पूर्ण ऐका, रडू आलं तरी उठू नका. आणि जुनी कॅसेट गंगेत सोडायची घाई करू नका, गंगा काय, कुठे पळून जाते?