एक्क्याण्णव टक्के

...नाही नाही, बसा, तुमची काही चूक नाही. ऑनलाइन कंपनी म्हटल्यावर कुणी तीन जिने चढून येईल असं आम्ही धरलंच नव्हतं, म्हणून दुसरी खुर्ची नाही — त्या खोक्यावर बसा, आत कागदच आहेत. घरबसल्या नोकरी लावून देतो आम्ही. आम्ही म्हणजे माझा भाचा आणि मी. तो मालक. घरी मामा म्हणतो, इथे ‘टीम’ म्हणतो. ‘टीम, चहा झाला का?’ — मी एकटाच असतो, तरी टीम. बाहेर गेलाय, चारला येईल, आणि चारला मला सांगायचंय, इथे कायमचं यायचं की आपली जुनी नोकरी बरी. सात दिवसांची चाचणी आहे माझी. सात दिवसांत एक माणूस नोकरीला लावायचा. लावला तर मी कायम, नाही लावला तर ‘मामा, घरी भेटू’. आज सातवा.

तुमचं काम कळलं मला. वजनकाट्यांच्या कारखान्यातली स्टोअरकीपरची जागा. कॉम्प्युटरने एक्क्याण्णव टक्के दिलेत तुम्हाला, पहिला नंबर. जागा चांगली आहे हो. टेबल मोठं, खिडकीतून उजेड येतो, फक्त तिसऱ्या रॅकखाली हात घालू नका, पत्रा लागतो. आणि साहेबांना अकराच्या आत काही विचारायचं नाही, तोवर ते — मला कसं ठाऊक? अहो, अभ्यास करावा लागतो आम्हाला. बरं, जाऊ दे, तुमच्यापासून काय लपवायचं. ती जागा माझी आहे.

म्हणजे अजून आहेच. अठरा वर्षं झाली. कावीळ झाली म्हणून रजा टाकून आलोय इथे. झालं काय — पहिल्या दिवशी वेबसाइटवर एकही नोकरी नव्हती. भाचा म्हणाला, नमुना म्हणून एखादी टाका ना मामा. मला दुसरी कुठली नोकरी माहीत? टाकली माझीच. फोन नंबरही साहेबांचा खराच दिला, खोटा द्यायला मन होईना. एकशे चाळीस जणांनी फोन केले त्यांना. मला वाटलं, भडकतील. तर त्यांनी इथेच फोन लावला, मीच उचलला, आवाज बदलून. म्हणाले, ‘जाहिरात कुणी दिली कोण जाणे, पण कल्पना बरी आहे. एक चांगला माणूस पाठवा.’

आता सांगा, काय करायचं माणसाने? तुम्हाला पाठवलं तर इथे कायम होतो, पण तिथली जागा जाते. आणि इथलं काय खरं? बायको विचारते, कंपनीचं नाव तरी सांगा. काय सांगू, दर बुधवारी बदलतं. सकाळी म्हटलं बघू या, म्हणून माझंच नाव घातलं कॉम्प्युटरमध्ये. अडतीस टक्के. अठरा वर्षं तेच काम, त्याच टेबलावर, तरी अडतीस. खाली लिहिलं होतं, ‘या पदासाठी अनुभव गरजेपेक्षा जास्त.’ फार लागलं मला ते. भाच्यासमोर हसलो, मग जिन्यात जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

म्हणून ठरवलंय, तुम्हाला पाठवत नाही. राग मानू नका. कावीळ उद्या बरी करतो आणि जातो आपला परत. भाच्याला काय, दुसरी टीम मिळेल —

थांबा, साहेबांचाच फोन. बोलू नका हं. — हॅलो, हो साहेब, मीच... बरं वाटतंय, उद्या येतोच... नाही, डोळे अगदी पांढरे झालेत... घाई नको? नाही हो, घाई कसली... कोण मिळाला?... वेबसाइटने परस्पर?... एक्क्याण्णव, हो का... नाही, चांगला आहे, शांत बसतो — म्हणजे, असेल चांगला... हो. विश्रांती घेतो. हो.

तुमचाही वाजला बघा. ‘अभिनंदन’ आलंय ना? मला वाटलं होतं, नाव पाठवायचं बटण मी दाबायचं असतं. कॉम्प्युटर आपला आपणच पाठवतो वाटतं. म्हणजे तुम्हाला मी लावलं असंही नाही.

उद्या नऊला हजर व्हा, उशीर केलेला चालत नाही तिथे. नाही, आता काही विचारू नका मला. दार नुसतं ओढून घ्या, कडी लागत नाही. जा हो. जा म्हणतो ना.