इझीकील कोन?

मी पातूरचा. बाप बगीचावाला, वांगे-मिरच्या लावे, अन् त्याच्या बगीच्यातले पाखरं हाकता हाकता माहा आवाज असा मोठा झाला का काय सांगू तुमाले. मंग कापसाचे दिवस आले, विलायतेत कापूस पाहिजे म्हने, तं जो तो कापूसच पेरे. बापानं बी बगीचा मोडला, अन् मी अकोल्याले रेल्वेच्या कामावर लागलो. आवाज ऐकून सायबानं मले नावं पुकाराले ठेवलं. लय मिजास होती मले त्याची, लय.

तिथं हसाजी मिस्तरी होता, सुतार, कोकनातला, इस्राएली, म्हंजे यहुदी. शनवारी रंध्याले हात लावत नसे. आमी दोघं एका निंबाखाली भाकर खात होतो, वर्षभर, रोज.

टपाल आलं का सायेब पाकिटावरचं नाव वाचे अन् मी तसंच्या तसं ओरडो. एक दिवस सायेब म्हने, इझीकील. मी ओरडलो, इझीकील कोन? तीनदा ओरडलो. हसाजी माह्या समोरच लाकूड तासून राहिला होता. तो हासला, म्हने, हे कुणाचं नाव रे? मी बी हासलो. कोनी उठलं नाही, पत्र वापस गेलं.

महिन्यानं हसाजीचा भाऊ मुंबईहून आला, तेच पत्र घेऊन. लवकर पोचावं म्हनून मिशनच्या मास्तरकडून पत्ता इंग्रजीत लिवून घेतला होता त्यानं. अंदर सारं मराठीच. आई फार आजारी आहे, निघून ये. भाऊ म्हने, हसकेल, आई आठ दिवस तुझं नाव घेत होती रे, तशीच गेली, तू आला का नाहीस? तवा मले समजलं, हसाजीचं त्यायच्या पोथीतलं नाव हसकेल, अन् सायबाच्या तोंडात त्याचंच इझीकील होते.

मी पाय धरले त्याचे. तो म्हने, तुझी काय चूक, माझं नाव मलाच ओळखू आलं नाही. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. सायबाले एकडाव इचारलं असतं, हा मानूस काय काम करते, तं पाकिटावर सुतार लिवलं होतं हो! पन मले ओरडाची घाई. तो भावासंगं गेला तो गेलाच.

आता नातवंडं हायेत, दोन टाइम भाकर भेटते, तक्रार नाही. तुमी लिवून राहिले तं माहं नाव राहू द्या, नाही लिवलं तरी चालते. त्याचं तेवढं हसकेल लिवा, त्याची माय म्हने तसं. देव भलं करो तुमचं.